सराट्याचा काटा आणि टेस्टोस्टेरॉन

पावसाळ्यात माळरानावर आणि शेताच्या बांधावर सराटा पसरतो. इवली पिवळी फुले आणि अनवाणी पायात रुतणारी काटेरी फळे ही त्याची खूण. आयुर्वेदात यालाच गोक्षुर किंवा गोखरू म्हणतात. याच फळांची पूड आणि अर्क आज आकर्षक डब्यांतून 'पुरुषी संप्रेरक नैसर्गिकरीत्या वाढवणारे' म्हणून विकले जातात. व्यायामशाळेत जाणारी अकरावी-बारावीची मुलेही ते विकत घेतात. 'सर, याने खरेच ताकद वाढते का?' असे एखाद्याने विचारले, तर काय सांगावे?

आधी हे संप्रेरक कसे तयार होते ते पाहू. टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणात, कोलेस्टेरॉलपासून बनते. ते किती बनवायचे हे मात्र मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक आणि त्याखालची पीयूषिका ग्रंथी ठरवतात. स्वयंचलित इस्त्री तापली की तिचा प्रवाह आपोआप खंडित होतो, निवली की पुन्हा सुरू होतो. तसेच रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की पीयूषिका वृषणाला दिला जाणारा संदेश कमी करते. म्हणूनच बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्यांच्या वृषणांचे काम मंदावते आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते. निरोगी तरुणाचे शरीर हा समतोल स्वतःच राखत असते.

मग वनस्पतींचा संबंध आला कोठून? सराट्यात स्टेरॉइड गटातील सॅपोनिने असतात. त्यांच्यापासून डायोस्जेनिन हा पदार्थ मिळतो. मेथीतही तो असतो. त्याच्या रेणूचा सांगाडा आपल्या संप्रेरकांच्या सांगाड्याशी जुळतो. १९४०च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोत, आपल्याकडील कोनफळाच्या कुळातल्या एका जंगली कंदातील डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-संप्रेरक बनवले. पुढे याच कच्च्या मालापासून टेस्टोस्टेरॉनही तयार करण्यात आले. पण हे सारे घडले प्रयोगशाळेतील काचपात्रांत, एकामागून एक रासायनिक क्रिया करून. त्या क्रिया घडवणारी विकरे माणसाच्या शरीरात नाहीत. सांगाडा सारखा असला म्हणजे पोटात गेल्यावर त्याचे संप्रेरक होते असे नाही.

तरीही दुसऱ्या एखाद्या मार्गाने परिणाम होत असेल, अशी शंका घेणे रास्त आहे. तिचे उत्तर प्रयोगानेच मिळते. बल्गेरियातील संशोधकांनी २० ते ३६ वर्षे वयाच्या २१ निरोगी पुरुषांवर चार आठवडे सराट्याच्या अर्काची चाचणी घेतली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अर्क घेणारे आणि न घेणारे यांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक आढळला नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियातील २२ रग्बीपटूंवरील चाचणी प्रसिद्ध झाली. पाच आठवड्यांच्या सरावात दोन्ही गटांची ताकद वाढली: अर्क घेणाऱ्यांची आणि तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांचीही! ताकद वाढवली ती व्यायामाने. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर श्रेय सराट्याला गेले असते. डबा घेणाऱ्या मुलाची फसगत नेमकी येथेच होते, कारण डब्याबरोबर तो व्यायामही सुरू करतो.

अश्वगंधेची गोष्ट थोडी वेगळी आहे. काही चाचण्यांत तिने टेस्टोस्टेरॉन थोडे वाढल्याचे दिसले. पण या चाचण्या लहान आणि थोड्या आठवड्यांच्या होत्या. शिवाय अश्वगंधा घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही अनेक देशांत झाल्या आहेत. 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. धोतराही नैसर्गिकच आहे. त्यातच 'वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत न सांगता मिसळलेली औषधी रसायनेही तपासणीत सापडली आहेत.

याउलट, एक साधी गोष्ट पाहा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठ रात्री केवळ पाच-पाच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटले. पुरेशी झोप, व्यायाम आणि आटोक्यातले वजन यांना पर्याय नाही. खरोखरच त्रास असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी रक्ततपासणी करावी, कारण तेव्हा ही पातळी सर्वाधिक असते.

वर्गात असा प्रश्न आला तर मुलांना उलट विचारावे : 'याने ताकद वाढते की नाही, हे तपासायचे तर तुम्ही प्रयोग कसा कराल?' तुलनेसाठी दुसरा गट हवा, हे एकदा त्यांच्या लक्षात आले की डब्यावरील जाहिरात ती स्वतःच पारखू लागतील.