आईचा गुडघा आणि माझी एक्सेल शीट

"अरे, डॉक्टर विचारतायत गुडघा कुठला बसवायचा. तूच सांग, तू इंजिनिअर ना!" साताऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा इथे मार्कहॅममध्ये पहाटेचे सहा वाजले होते आणि बाहेर बर्फ पडत होता.

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर, पण आईला नाही कसं म्हणणार? एक्सेल शीट उघडली. गुडघ्यातला मागचा लिगामेंट राखणारा सांधा, तो काढून त्याचं काम प्लॅस्टिकच्या उंचवट्यावर सोपवणारा, आतलं प्लॅस्टिक घट्ट बसलेला, ते थोडं फिरू देणारा आणि जास्त वाकणारा 'हाय-फ्लेक्स'. आईला मांडी घालून पूजेला बसायचंय, म्हणून हाय-फ्लेक्सला दहापैकी दहा!

वाचत गेलो तसे मार्क बदलू लागले. या रचनांची तुलना करणाऱ्या बहुतेक चाचण्यांत रुग्णाला जाणवेल असा फरक दिसलाच नाही, हाय-फ्लेक्समध्येही नाही. नंतर गुडघा किती वाकेल, हे आधी तो किती वाकत होता यावर जास्त अवलंबून. वाजपेयींचे गुडघे 2000 आणि 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे 1974 च्या 'टोटल कॉन्डिलर' गुडघ्याच्या जनकांपैकी एक. आजचे बहुतेक सांधे त्याच घराण्यातले. 'लॅन्सेट'मधल्या 2019 च्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे 82 कृत्रिम गुडघे 25 वर्षं टिकतात. भारत सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये किमतींवर मर्यादा आणली, तेव्हा साध्या गुडघ्याला 54,720 रुपये आणि हाय-फ्लेक्सला 56,490 रुपये ठरले, जीएसटी वेगळा. म्हणजे किमतीतही फार अंतर नाही.

शेजारच्या काकूंचा गुडघा इथेच सरकारी विम्यातून बदलला. मी मॉडेल विचारलं, तर त्या हसल्या. "ते मला कोणी विचारलंच नाही रे. नंबर लागायला सात महिने गेले, आणि नंतर फिजिओवाल्या मुलीने रोज रडवलं. पण आता जिने चढते बघ."

शेवटी आईच्या सर्जनशी व्हिडिओ कॉल केला. शीट समोर ठेवूनच बसलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ज्याचा मला हात बसलाय तो मी बसवतो. मांडीचं मात्र विसरा, आईंना खुर्चीवर बसायची सवय लावा. आता मला सांगा, पहिले सहा आठवडे घरी कोण असणार? रोज व्यायाम कोण करून घेणार?"

माझ्या शीटमध्ये चौदा रकाने होते. हा नव्हता.

त्याच रात्री तिकीट काढलं. तीन आठवडे रजा, पुढचे तीन साताऱ्यातूनच काम. आईने दात-ओठ खात गुडघा वाकवायचा आणि मी मोठ्याने आकडे मोजायचे, हा आमचा दोन्ही वेळचा कार्यक्रम होता. मधल्या काळात सुताराला बोलावून देवघर टेबलाच्या उंचीवर घेतलं. आई आता खुर्चीवर बसून पूजा करते. "देवाला काय, तो कुठूनही बघतो," म्हणते. सांधा कुठल्या कंपनीचा, हे तिने अजून विचारलेलं नाही.