भिंतीवरची रांगोळी

जवसाची चटणी आपल्याकडे आवडीने खाल्ली जाते. विदर्भात तर जवस शेतातही पिकतो. पण या जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचे आच्छादन तयार होते आणि त्या आच्छादनाच्या तुकड्यावर चित्र कोरून ते कागदावर छापता येते, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. आज मी ज्या कलेविषयी बोलणार आहे, तिचे नाव लिनोकट. ती शिकायला फार पैसा लागत नाही, मोठी जागा लागत नाही आणि ती आपल्या घरात सहज नांदू शकते.

आधी लिनो म्हणजे काय ते पाहू. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या संशोधकाने लिनोलियम तयार केले. उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर रबरासारखी साय धरलेली त्याने पाहिली आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. हवा लागून घट्ट झालेले जवसाचे तेल, राळ आणि बुचाच्या लाकडाचा भुसा यांचे मिश्रण तागाच्या कापडावर थापायचे, की झाले लिनोलियम. लॅटिन भाषेत ‘लिनम’ म्हणजे जवस आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल. गंमत अशी, की छपाईच्या तेलकट शाईतही बहुधा जवसाचेच तेल असते. म्हणजे ठशातही जवस आणि शाईतही जवस.

शाळेत आपण सर्वांनी भेंडी किंवा बटाटा कापून ठसेकाम केलेले असते. लिनोकट त्याच घराण्यातला. गुळगुळीत लिनोवर चित्र काढायचे. जो भाग पांढरा हवा, तो कोरणीने खोदून काढायचा. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि घासायचे. कागद उचलला की चित्र हजर. हेच काम लाकडावरही शतकानुशतके होत आले आहे. पण लाकडाला तंतू असतात, कोरणी त्यांच्या दिशेने ओढली जाते. लिनोला तंतू नाहीत. हात जिकडे नेईल तिकडे रेघ वळते. त्यामुळे नवशिक्याचाही त्यावर लवकर हात बसतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. छापलेले चित्र म्हणजे नक्कल, अस्सल नव्हे, असे आपल्याला वाटते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचली. ते काम फार मोठे होते. पण त्यात मूळ चित्र एक आणि बाकीच्या त्याच्या यंत्रावर छापलेल्या प्रती होत्या. लिनोकटमध्ये असे ‘मूळ’ चित्र वेगळे नसतेच. ठसा ही तयारी आणि कागदावरचा छाप हे चित्र. चित्रकाराने स्वतः शाई लावून वीस छाप काढले, तर वीसही अस्सल. म्हणून तो प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा लिहितो. ३/२० म्हणजे वीस छापांपैकी तिसरा. ठरलेले छाप काढून झाले, की काही जण ठशावर आडवी रेघ खोदून तो रद्दही करतात. विकत घेणाऱ्याला दिलेला तो शब्द असतो.

एकच चित्र, पण अस्सल आणि अनेक घरांसाठी, ही कल्पना काही लोकांना फार आवडली. लंडनमध्ये क्लॉड फ्लाइट नावाचे चित्रकार १९२६ पासून लिनोकट शिकवत. सिनेमाच्या तिकिटाच्या किंवा बिअरच्या किमतीत सामान्य माणसाला चित्र घेता यावे, हे त्यांचे स्वप्न होते. मोडक्या छत्रीच्या काडीला धार लावून कोरणी करा, असे ते सांगत. स्वप्न तितकेसे खरे झाले नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांचे छाप आज लिलावात लाखो रुपयांना जातात. छत्रीची काडी मात्र अजूनही चालते!

आपल्या देशात ही कला रुजली ती शांतिनिकेतनात. १९३० साली, दांडीयात्रेच्या वर्षी, नंदलाल बसूंनी हातात काठी घेऊन चाललेल्या गांधीजींचा लिनोकट केला. काळी पार्श्वभूमी आणि मोजक्या पांढऱ्या रेघा. गांधीजी म्हटले की आज जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्यात या रेघांचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’ हे बालपुस्तक नंदलालांच्या लिनोकटांसह निघाले. अक्षरे गिरवता गिरवता बंगाली मुले एका मोठ्या चित्रकाराची रेघ पाहू लागली. बंगालच्या १९४३च्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद पुढे १९४६ साली मुंबईत आले आणि अंधेरीला राहिले. तिथे त्यांनी कष्ट करणाऱ्या, बालपण हरवलेल्या मुलांची लिनोकट-मालिका केली.

आता मुंबईहून थेट माझ्या घरात येतो, कारण हे सगळे ठाऊक असूनही माझ्या घराच्या भिंतीवर वर्षानुवर्षे एका किराणा दुकानाच्या कॅलेंडरपलीकडे काही नव्हते. मी शाळेत चित्रकला शिकवीत होतो. मुलांना ठसे शिकवायचे, प्रदर्शने भरवायची आणि घरी येऊन त्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहायचा. घर आणि कला या दोन वेगळ्या जागा आहेत, असेच जणू मी धरून चाललो होतो.

आईचे तसे नव्हते. वाड्यात होतो तेव्हा ती रोज पहाटे सडा घालून रांगोळी काढायची. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत तुळशीपुढे चैत्रांगण असायचे. सूर्य, चंद्र, स्वस्तिक, शंख, चक्र, गोपद्म, कासव, पाळणा. तिला कोणी कलाकार म्हटले नाही आणि तिनेही म्हणवून घेतले नाही. रुखवत, गोधडी, रांगोळी ही घरातली कामे होती. आम्ही फ्लॅटमध्ये आलो आणि अंगण गेले. मग ती गॅलरीत पाटावर रांगोळी काढू लागली. पुढे तिचे हात थरथरू लागले. चिमटीतून रांगोळी एकसारखी पडेना. एका चैत्रात तिने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘आता ठेवून दे वर.’’

मी तिला कागद आणि जाड पेन्सिल दिली. दोन-तीन दुपारी बसून तिने सारे चैत्रांगण काढले. माझ्या मनात आले, हे लिनोत कोरावे. रांगोळी म्हणजे गडद जमिनीवर पांढरी रेघ. लिनोतही कोरलेली रेघ पांढरी येते आणि आजूबाजूला रंग भरतो. फरक एवढाच, की रांगोळीत रेघ वरून घालायची, इथे खोदून काढायची. सारवलेल्या अंगणासारखा गेरूचा रंग शाईत मिसळायचा, हेही ठरले.

लिनो थोडा वेळ उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. कोरणी नेहमी आपल्यापासून लांब ढकलायची आणि दुसरा हात कायम तिच्या मागे ठेवायचा. हा नियम मोडला की रक्त निघालेच म्हणून समजा. मी कार्बन पेपरने आईचे चित्र लिनोवर उतरवले आणि उतरवताना तिच्या थरथरत्या रेघा सरळ केल्या. वर्तुळे गोल केली. चित्रकलेचा शिक्षक ना मी! आठवडाभर कोरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर छपाई मांडली. काचेच्या तुकड्यावर शाई, तिच्यावर रुळ, मग ठसा, वर पातळ कागद आणि घासायला लाकडी चमच्याची पाठ. आईला खुर्चीवर आणून बसवले आणि तिच्यासमोर पहिला छाप उचलला.

तिने चष्मा नीट केला. ‘‘अरे, स्वस्तिक उलटं आलंय!’’

ठशात सारे आरशातल्यासारखे उलटते. डावे उजवीकडे जाते. मुलांना ही गोष्ट वर्षानुवर्षे बजावणारा मी स्वतःच विसरलो होतो. सूर्य किंवा कमळ उलटले तर कुणाला कळत नाही. स्वस्तिक कळते आणि ज्या घरात ते रोज काढले जाते तिथे खटकतेही. पण खरी चूक ताईने दाखवली. ती छाप बराच वेळ पाहत होती. म्हणाली, ‘‘स्वस्तिक सोड. ही आईची रांगोळीच नाही. ही बाजारातली वाटते.’’

मला राग आला. दोन दिवस मी त्या ठशाकडे पाहिले नाही. मग आईचा कागद आणि माझा छाप शेजारी ठेवले आणि ताईचे म्हणणे पटले. आईच्या कासवाची पाठ एका बाजूला कलली होती, पाळण्याची एक दोरी थरथरून लांब गेली होती. मी ते सगळे ‘सुधारले’ होते. आईचा हातच मी पुसून टाकला होता.

दुसऱ्या ठशाच्या वेळी पातळ कागदावर चित्र उतरवून तो पालथा केला आणि मगच लिनोवर घेतला. या वेळी एकही रेघ सरळ केली नाही. थरथरती रेघ कोरणे सरळ रेघेपेक्षा कितीतरी अवघड असते, हे तेव्हा कळले. कोरणी जागोजागी थांबते, आणि ती थांबते तिथे आईचा हातही अडखळलेला असतो. पंधरा छाप काढले. आईने एक हातात घेतला आणि म्हणाली, ‘‘कासव जरा बारीक झालं.’’ बाकी तक्रार नव्हती. खाली पेन्सिलीने सही तिने केली, मी नाही.

पुढचा चैत्र तिला दिसला नाही. ते पंधरा छाप आज पंधरा घरांत आहेत. एक ताईच्या देवघराशेजारी, एक भाचीकडे परदेशात, एक आमच्या दारातून आत आले की समोर, कॅलेंडरच्या जागी. नियमाप्रमाणे ठशावर आडवी रेघ मारून तो रद्द करायला हवा होता. ते माझ्याने झाले नाही. तो रांगोळीच्या डब्याशेजारी ठेवला आहे.

आपणांपैकी कुणाला हे करून पाहावेसे वाटले, तर थोडे व्यवहाराचे सांगतो. जमिनीच्या आच्छादनाच्या दुकानात ‘लिनोलियम’ म्हणून पुष्कळदा प्लॅस्टिकचे आच्छादन मिळते. ते नीट कोरले जात नाही. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात लिनो किंवा कोरायचे मऊ रबर मागावे. सुरुवातीला तळहाताएवढा तुकडा पुरे. हाताने घासून छापायचे तर कागद पातळ आणि गुळगुळीत हवा. खरबरीत जाड हातकागदावर शाई नीट बसत नाही. तेलकट शाई आधी खाण्याच्या तेलाने पुसावी, मग साबणाने धुवावी. छाप काचेच्या चौकटीत, थेट उन्हापासून आणि ओलीच्या भिंतीपासून दूर लावावा. आणि अक्षरे कोरायची असतील तर ती उलटी काढायला विसरू नका! स्वतः करणे जमणार नसेल, तर एखाद्या तरुण मुद्राचित्रकाराचा छोटा छाप घ्या. खालचा आकडा आणि सही पाहा, तो कसा छापला ते त्याला विचारा. त्यालाही बरे वाटेल.

विषय शोधायला लांब जावे लागत नाही. आजीचा अडकित्ता, दारातली तुळस, मुलाने काढलेले वाकडे मांजर. यांतले काहीही चालेल. फक्त ते मांजर सरळ करू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)