जुनी विजेची मोटार, खाजगी विक्री आणि अमेरिकेंतील करसूट

ज्या घरांतील मुलगा, कन्या अथवा निदान एखादा पुतण्या तरी अमेरिकेंत नाहीं, असें घर आमच्या वाचकवर्गांत आतां थोडेंच आढळेल. त्यांच्याशीं होणाऱ्या दूरध्वनीवरील संभाषणांत हवापाणी आणि मुलांचा अभ्यास यांच्या जोडीस मोटारींचा विषयही निघतो. विजेवर चालणारी मोटार घेतली, तीन वर्षें वापरली, आतां ती एखाद्या स्नेह्यास विकावयाची आहे, असें ऐकूं येतें. मोटार विकणें हा व्यवहार वरवर साधा दिसतो. परंतु त्यास सरकारी करसुटीचें शेपूट जोडलें गेलें कीं, तो साधा राहात नाहीं. म्हणून या प्रकरणाचें स्वरूप येथें संक्षेपानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१६ ऑगस्ट २०२२ रोजीं अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांनीं ‘इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट’ या कायद्यावर सही केली. नव्या विजेच्या मोटारीस जास्तींत जास्त ७,५०० डॉलरची सूट होती, ती पुष्कळांस ठाऊक होती. परंतु याच कायद्यानें वापरलेल्या मोटारीच्या खरेदीसही प्रथमच सूट दिली, व ती २०२३ च्या आरंभापासून अमलांत आली. किंमतीच्या शेंकडा ३० अथवा ४,००० डॉलर, यांपैकीं जी रक्कम लहान ती मिळावयाची. बारा हजारांच्या मोटारीवर ३,६००. वीस हजारांच्या मोटारीवर हिशेबानें सहा हजार होतात, परंतु हातीं यावयाचे चारच हजार.

येथें ‘वजावट’ आणि ‘सूट’ यांतील भेद वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. वजावट ही उत्पन्नांतून होते. सूट ही प्रत्यक्ष करांतून होते. अर्थात् चार हजारांची सूट म्हणजे भरावयाच्या करांत पुरे चार हजार कमी. मध्यम स्थितीच्या संसारास ही रक्कम कांहीं लहान नव्हे.

परंतु दान मोठें, तशा अटीही पुष्कळ. मोटारीची किंमत २५,००० डॉलरांहून अधिक नसावी. विक्रेत्यानें आपल्या मर्जीनें लावलेला आकार या किंमतींत धरावयाचा, सरकारी कर व नोंदणीचा खर्च मात्र धरावयाचा नाहीं. मोटारीचें मॉडेल खरेदीच्या सालाहून निदान दोन वर्षें मागील असावें. म्हणजे २०२४ सालीं घेतलेली मोटार २०२२ ची किंवा त्यापूर्वींची पाहिजे. पतिपत्नी एकत्र विवरणपत्र भरीत असल्यास उत्पन्न १,५०,००० डॉलरांच्या आंत, कुटुंबप्रमुख म्हणून भरणाऱ्याचें १,१२,५०० च्या आंत व इतरांचें ७५,००० च्या आंत असावें. चालू आणि मागील अशा दोन वर्षांपैकीं एका वर्षाचें उत्पन्न मर्यादेंत बसलें, तरी पुरे. खरेदी स्वतःच्या उपयोगासाठीं असावी, फेरविक्रीसाठीं नसावी. आणि मागील तीन वर्षांत खरेदीदारानें हीच सूट घेतलेली नसावी.

या सर्वांहून महत्त्वाची, आणि जिच्याकडे पुष्कळांचें दुर्लक्ष झालें, अशी अट एकच. मोटार परवानाधारक व्यापाऱ्याकडूनच घेतलेली असली पाहिजे. एका गृहस्थानें दुसऱ्या गृहस्थास परस्पर विकलेली मोटार, मग ती कितीही उत्तम असो आणि किंमत कितीही वाजवी असो, या सुटीस पात्र नव्हती. विकणारास तर या कलमाखालीं कांहींच मिळावयाचें नव्हतें, कारण सूट खरेदीदाराची.

ही अट कशासाठीं, असें कोणी विचारील. आम्हांस तिचें कारण उघड दिसतें. व्यापाऱ्यास विक्रीचा लेखी अहवाल करखात्याकडे पाठवावा लागे. त्यांत खरेदीदाराचें नांव व कर-क्रमांक, मोटारीचा ओळख-क्रमांक, बॅटरीची शक्ति आणि विक्रीची किंमत हीं सारीं येत. दोन व्यक्तींच्या आपसांतील व्यवहारांत ही साक्ष कोण देणार? सत्तावीस हजारांची मोटार कागदावर पंचवीस हजारांची दाखविणें, किंवा एकच मोटार भावाभावांत फिरवून दोनदां सूट घेणें, असे मोह अशा ठिकाणीं उत्पन्न होण्यास वेळ लागत नाहीं.

आतां यांत दुखापत कशी होते, तें पाहूं. समजा, २०२४ सालीं न्यू जर्सींतील एका मराठी गृहस्थानें आपली मोटार स्नेह्यास १९,००० डॉलरांस दिली. तशीच मोटार व्यापाऱ्याकडे २०,५०० ला होती. स्नेह्यास वाटलें, दीड हजार वांचले. शिवाय विकणारानें सद्भावानें सांगितलें होतें कीं, सरकारकडून चार हजार परत मिळतील. वर्षअखेर हिशेबनिसानें कागद पाहून मान हालविली. व्यापाऱ्याकडील मोटार सूट धरून १६,५०० ला पडली असती. म्हणजे स्वस्त वाटलेला सौदा वस्तुतः अडीच हजारांनीं महाग झाला. फसविण्याचा हेतु कोणाचाच नव्हता. तथापि दोन घरांचें जाणेंयेणें थांबण्यास एवढें निमित्त पुरेसें होतें.

यावर एक कायदेशीर मार्गही होता. कांहीं परवानाधारक व्यापारी अशा ओळखीच्या सौद्यांत मध्यें राहात. मोटार विकणाराकडून प्रथम त्यांच्याकडे जाई व त्यांच्याकडून खरेदीदाराकडे. व्यापारी आपला आकार घेई, अहवाल पाठवी आणि सूट शाबूत राही. परंतु ही व्यवस्था सौद्यापूर्वीं करावयाची. मालकीचा कागद एकदां परस्पर बदलल्यावर मागाहून व्यापारी शोधून उपयोग नव्हता.

आज मात्र हा सारा विचार भूतकाळांत गेला आहे. ४ जुलै २०२५ रोजीं अध्यक्ष ट्रंप यांनीं सही केलेल्या कायद्यानें ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या मोटारींची सूट, नव्यांची व जुन्यांचीही, बंद केली. त्या तारखेपर्यंत बंधनकारक लेखी करार होऊन कांहीं रक्कम दिली गेली असेल, तर मोटार पुढें ताब्यांत आली तरी हक्क राहतो. अशांनीं व्यापाऱ्याच्या अहवालाची प्रत जपून ठेवावी. त्यानंतरच्या खरेदीवर केंद्र सरकारची ही सूट मिळेल असें कोणी सांगूं लागल्यास, तो अज्ञानी तरी आहे किंवा लबाड तरी आहे, असें समजावें.

विकणाराविषयीं दोन शब्द. ज्यानें नवी मोटार घेतांना पूर्वीं सूट घेतली, त्यानें ती प्रामाणिकपणें वापरून पुढें विकली, तर घेतलेली सूट परत जात नाहीं. मात्र ताबा घेतल्यापासून तीस दिवसांच्या आंत विकल्यास ती फेरविक्रीसाठींच घेतली होती, असें धरलें जाई. तसेंच, घरगुती मोटार विकण्यांत आलेला तोटा करांतून वजा होत नाहीं. नफा झाल्यास तो मात्र करपात्र ठरतो.

आपल्याकडील नियम याच्या उलट दिशेनें गेलेला पाहून गंमत वाटते. डिसेंबर २०२४ मध्यें जीएसटी परिषदेनें जुन्या विजेच्या मोटारींवरील दर शेंकडा १२ वरून १८ करण्याची शिफारस केली. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या अंतरावर आहे, दोन गृहस्थांच्या आपसांतील विक्रीवर नाहीं. तिकडे खाजगी सौद्यानें लाभ बुडाला. इकडे तोच खाजगी सौदा करापासून मोकळा राहिला.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराच्या अठरा पदांत ‘क्रयविक्रयानुशय’, म्हणजे खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप, यास स्वतंत्र स्थान दिलें, आणि मनूनें सौदा फिरविण्यास दहा दिवसांची मुदत ठेविली. हा पश्चात्ताप टाळण्याचा उपाय मात्र सौद्यापूर्वींच करावा लागतो. परदेशीं असलेल्या आपल्या मुलांस वडील माणसांनीं एवढेंच सांगावें कीं, स्नेह्यास मोटार विकतांना किंमत सांगा, तिचे दोष सांगा, बॅटरीची खरी स्थिति सांगा. परंतु सरकारच्या वतीनें कोणतेंही वचन देऊं नका. तें कायदा वाचून व जाणत्यास विचारून खरेदीदारानेंच ठरवावें. पैसा पुन्हा मिळवितां येतो. परमुलखांत जोडलेला शेजार तसा मिळत नाहीं.