आजीला कुठे न्यायचं, बॉस?

सॅन होजेला आलो तेव्हा माझा फंडा क्लिअर होता. वीकडेला कोडिंग, वीकेंडला झोप! पण टीममधल्या व्हिएतनामी मैत्रिणीने एका शनिवारी स्टोरी रोडवर 'फो' खायला नेलं आणि मी उडालोच. व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात नसतील इतके व्हिएतनामी इथे आहेत, लाखाच्या वर. १९७५मध्ये सायगाव पडल्यानंतर आलेली ही कुटुंबं. बाजारपेठेला 'लिटल सायगाव'च म्हणा, यासाठी ती रस्त्यावर उतरली आणि २००८मध्ये सिटी कौन्सिलला आधी ठरवलेलं नाव मागे घ्यावं लागलं.

नावापाठोपाठ जागाही आली. लुक्रिशिया अव्हेन्यूवरची शिराकावा कम्युनिटी सेंटरची इमारत शहराच्या मालकीची. तिथे व्हिएतनामी-अमेरिकन सेंटर सुरू झालं.

"शहराच्या पैशांतून एकाच समाजाला जागा?" मी विचारलं.

"टॅक्स आम्हीही भरतो," ती हसली. "आणि आजीला इंग्रजी येत नाही. तिने दिवसभर घरात भिंतीशी बोलायचं का?"

मी गप्प. आमचा गणपती शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. रात्री दहाला मखर गाडीच्या डिकीत!

पुढच्या महिन्यात आई येतेय, सहा महिन्यांसाठी. मी ऑफिसला गेल्यावर ती कुणाशी बोलणार, हे मी अजून ठरवलेलंच नाही.