गोधडीचे टाके

गोधडी तुमच्या घरात आहेच. काही गावांत तिला वाकळ म्हणतात. रोज रात्री आपण ती पांघरतो. पण एका गोधडीत किती टाके असतात, हे कधी मोजले आहे काय?

चला, हिशेब करू. गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद धरा. एकेका इंचावर दोरा घातला, तर सगळे दोरे मिळून २८८ फूट भरतात. एका इंचात तीन टाके धरले, तरी दहा हजारांवर टाके होतात. आणि हे सगळे हाताने!

आता ती शिवतात कशी ते बघा. जुनी सुती लुगडी धुऊन वाळवतात. एक लुगडे खाली अंथरतात. त्यावर फाटके धोतर, सदऱ्याचे तुकडे, जुनी धडुती पसरतात. वरून दुसरे लुगडे घालतात. आधी लांब लांब टाके घालून थर पक्के करतात. मग कडेपासून शिवायला सुरुवात होते. चौकोनी फेरे घालत घालत बाई मध्यापर्यंत येते. टाके विरळ पडले तर धुताना आतली धडुती गोळा होतात.

गोधडी स्वतः ऊब तयार करीत नाही. तिच्या थरांमध्ये हवा कोंडून राहते. त्यामुळे आपल्याच अंगाची ऊब बाहेर जात नाही. म्हणून चार थरांची गोधडी एका जाड चादरीपेक्षा बरी. हल्ली नायलॉनच्या साड्याही घालतात. त्या टिकतात खऱ्या, पण घाम टिपत नाहीत. अंगाला लागणारा थर तरी सुती असावा.

हे काम होते केव्हा? पहाटे झाडलोट, पाणी, गोठा. मग चहा, भाकऱ्या, पोरांची शाळा. मग धुणे, नाही तर शेत. दुपारी भांडी घासून झाली की घटकाभर सुई हातात येते. दोरा ओवला की शेरडू सुटते. दोन फेरे झाले की पोर उठते. शेजारीण आलीच, तर तीही एका कडेला बसून टाके घालते. तेवढाच विसावा. आणि लोक म्हणतात, "ती काय, घरीच असते. बसल्या बसल्या शिवते."

बसल्या बसल्या! २०१९ साली भारत सरकारने देशभर पाहणी केली. कोणाचा वेळ कशात जातो, ते विचारले. एका दिवसात स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट असल्या घरकामाला हात लावणाऱ्या बाया शंभरात ८१ निघाल्या. पुरुष निघाले २६. त्या बायांची रोज सरासरी २९९ मिनिटे घरकामात गेली. म्हणजे जवळजवळ पाच तास. त्या पुरुषांची गेली ९७ मिनिटे. मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे यात धरलेलेच नाही.

हीच गोधडी बाहेर शिवायला द्या. मजुरी मोजावी लागते, आणि ती कोणी जास्त म्हणत नाही. घरच्या बाईने शिवली की ती फुकट झाली, असे कसे?

गोधडी धुण्याचेही सांगितले पाहिजे. घरात कोणाला खरूज झाली, तर त्याची गोधडी दुसऱ्याने पांघरू नये. ती कढत पाण्यात भिजवून धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. खरजेचा किडा माणसाच्या अंगावाचून दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. म्हणून धुणे जमत नसेल, तर गोधडी आठवडाभर बांधून बाजूला ठेवावी. औषध मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे.

आणि एक. भिजलेली गोधडी फार जड होते. एकटीच्या हाताने ती पिळली जात नाही. एक टोक बाईने धरावे, दुसरे कारभाऱ्याने. दोघांनी उलट्या बाजूंनी पीळ घातला, की पाणी झटक्यात निथळते.