खोकल्यावरील द्रव औषधे, अफूवर्गेतर

खोकल्याची उबळ शमविण्यासाठी किंवा कफ सुटा करण्यासाठी पोटात घ्यावयाची, अफूवर्गीय क्रिया नसलेली पातळ औषधे. कोडीन व फोलकोडीन ही अफूवर्गीय द्रव्ये खोकला दडपतात. परंतु कोडिनामुळे श्वसन मंदावणे, बद्धकोष्ठ व सवय जडणे हे धोके संभवतात. फोलकोडीन घेतलेल्या व्यक्तीस शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायुशिथिलक दिल्यास तीव्र ॲलर्जी उद्‌भवू शकते असे आढळल्याने यूरोपीय संघात व ब्रिटनमध्ये २०२२-२३ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. त्यामुळे अफूवर्गेतर औषधांना महत्त्व आले आहे. तथापि ती सर्वस्वी निरुपद्रवी नाहीत आणि खोकल्याचा प्रकार न ठरविता केलेली निवड निरुपयोगी, प्रसंगी घातकही ठरते.

खोकल्याचे स्वरूप : खोकला हा स्वतंत्र रोग नसून श्वसनमार्ग स्वच्छ ठेवणारी प्रतिक्षेपी क्रिया आहे. स्वरयंत्र व श्वासनलिका यांतील क्षोभाची संवेदना प्राणेशा तंत्रिकेवाटे लंबमज्जेतील केंद्राकडे पोहोचते व तेथून श्वसनस्नायूंना आज्ञा जाते. कफ पडत असलेल्या (ओल्या) खोकल्यात ही क्रिया उपकारक असते. ती दडपल्यास कफ आत साचून राहतो. कोरडा खोकला मात्र केवळ त्रासदायक असतो व झोप मोडतो. म्हणून पहिल्या प्रकारात कफ बाहेर पडण्यास मदत करणे व दुसऱ्यात उबळ शमविणे हे निवडीचे मूलतत्त्व होय.

प्रकार : (१) कासरोधके : डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे यांपैकी प्रमुख. त्याची रेणवीय रचना अफूवर्गीय संयुगांसारखी असून त्याचे प्रतिबिंबरूप असलेले लेव्होमेथॉर्फन तीव्र वेदनाशामक आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फनमध्ये तो गुण नाही. प्रौढांसाठी २४ तासांतील कमाल मात्रा १२० मिग्रॅ. असते. अतिमात्रेने भ्रम व उत्तेजना उत्पन्न होतात. मोनोअमाइन ऑक्सिडेजरोधक औषधे चालू असताना व ती थांबविल्यानंतर दोन आठवडे ते घेऊ नये. नॉस्कॅपीन हे अफूतच आढळत असले, तरी त्याने वेदनाशमन होत नाही वा सवय जडत नाही. (२) कफोत्सारके : ग्वायफेनेसिनामुळे कफ सुटण्यास मदत होते. (३) कफ पातळ करणारी : ब्रोमहेक्झीन व त्यापासून शरीरात तयार होणारे अँब्रोक्सॉल. ब्रोमहेक्झीन हे अडुळशातील व्हॅसिसीन या अल्कलॉइडावरून बनविलेले संश्लेषित संयुग आहे. (४) हिस्टामीनविरोधी : क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन इत्यादींमुळे गुंगी येते व स्राव सुकतात, म्हणून ती घेऊन वाहन चालवू नये व ओल्या खोकल्यात ती टाळावीत. (५) श्वासनलिका विस्फारके : साल्ब्युटामॉल, टर्ब्युटालीन इ. श्वासनलिका आकुंचित झाल्या असतील तरच उपयोगी. यांनी हातांना कंप सुटतो व छातीत धडधडते. (६) घसा मऊ करणारी : मध, ग्लिसरीन व साखरेचा पाक.

निवड : एकाच बाटलीत कासरोधक व कफोत्सारक एकत्र असणे परस्परविरोधी ठरते, शक्य तो एकच घटक असलेले औषध पसंत करावे. मधुमेही रुग्णांनी साखरविरहित पाक निवडावा व मद्यार्काचे प्रमाण पाहावे. मात्रा घरातील चमच्याने न मोजता बाटलीसोबतच्या मापाने मोजावी. रक्तदाबावरील काही औषधांमुळे (उदा., एनालाप्रिल) कोरडा खोकला येतो; अशा वेळी पाकाऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने मूळ औषध बदलणे हाच उपाय होय. सर्दीनंतरचा खोकला बहुधा तीन आठवड्यांत आपोआप थांबतो. अशा खोकल्यावरील सर्वसामान्य औषधांच्या उपयुक्ततेचा ठोस पुरावा २०१४ मधील एका व्यापक समीक्षणातही मिळाला नाही.

बालके : भारत सरकारच्या ऑक्टोबर २०२५ मधील सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीवरील औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सामान्यतः शिफारशीत नाहीत. एक वर्षावरील मुलाला मध देता येतो. त्याखालील अर्भकास मात्र बॉट्युलिझम या विषबाधेच्या भीतीमुळे तो मुळीच देऊ नये.

शुद्धता : द्रव औषधांत विद्रावक म्हणून ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. त्यांच्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइडाच्या द्रव औषधातील या विषाने शंभरहून अधिक व्यक्ती दगावल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरिनामुळे १४ रुग्णांचा बळी गेला व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गँबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या पाकांमुळे बालके मृत्युमुखी पडली. औषध घेतल्यानंतर मुलास उलट्या होऊन लघवी कमी झाल्यास ते थांबवून त्वरित रुग्णालयात न्यावे.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी आवश्यक असते. कफातून रक्त पडणे, धाप लागणे, छातीत दुखणे, सतत ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही आढळल्यास कोणतेही द्रव औषध हा पर्याय नसून तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अशा वेळी औषधाने उबळ थांबली, तरी मूळ रोग वाढत राहतो.