मुलांसाठी गोष्ट लिहिताय? आधी हिरोला सायकल द्या!

‘एका गावात एक हुशार आणि प्रामाणिक मुलगा राहत होता.’ अशी सुरुवात केली की १० वर्षांचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. ‘हुशार’, ‘प्रामाणिक’ हे प्रगतिपुस्तकातले शेरे झाले. त्यातून मुलगा डोळ्यांसमोर येत नाही.

आता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. खरं नाव बनेश. किडकिडीत अंगकाठी, हाताशी सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक’! एवढ्यावर तो ओळखू येतो. पण भागवतांची खरी हुशारी वेगळीच आहे. बनेशचं गाव फुरसुंगी आणि शाळा पुण्यात. म्हणजे काही संशयास्पद दिसलं, तर ‘आईला विचारून येतो’ म्हणायची सोय नाही. ठरवायचं त्यानेच, आणि सायकल असल्यामुळे त्याला लगेच निघताही येतं.

मोठ्यांना बाजूला का सारायचं?

कारण मोठी माणसं प्रश्न सोडवून टाकतात आणि गोष्ट संपते. हॅरी पॉटर म्हणूनच अनाथ आहे आणि निवासी शाळेत शिकतो. अर्थात प्रत्येक वेळी आईवडिलांना मारून टाकायची गरज नाही! आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मधल्या (१९३५) स्वामीला आई, वडील, आजी सगळे आहेत. तरी तो घरातून पळतो, वाट चुकतो आणि ज्या क्रिकेट मॅचसाठी जिवाचा आटापिटा केला, तीच हुकते. मोठी माणसं त्याला शोधून काढतात, पण मॅच परत आणू शकत नाहीत.

आणि गोष्टीतलं जग?

ते मूल एकटं जिथवर जाऊ शकतं, तेवढंच मोठं. मालगुडी आपल्याला शाळा, नदी आणि खेळायची जागा यांतूनच आधी कळतं. जादूची दुनिया असेल तर तिलाही कुंपण हवं. हॉगवर्ट्सच्या १७ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना शाळेबाहेर जादू करायला बंदी आहे, आणि गेलेलं माणूस कुठल्याही मंत्राने परत येत नाही. सगळंच शक्य असतं, तर भीती कसली वाटली असती?

पण आता फेणेसारखं कोण हिंडतं?

खरंय. आजचं मूल स्कूलबसमधून क्लासला आणि क्लासमधून घरी. मग त्याचं जग तिथेच शोधा : लिफ्ट, पार्किंग, वॉचमनकाकांची केबिन, गच्चीचं कायम बंद असलेलं दार. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, इथूनही गोष्ट सुरू होऊ शकते.

राहिला मोबाइल. ‘बॅटरी संपली’ ही पळवाट वाचक मुलं लगेच ओळखतात. त्यापेक्षा फोन चालू राहू द्या, स्क्रीनवर ‘आई’ दिसू द्या. आणि तरीही हिरो तो उचलत नाही, कारण कोणालाही सांगणार नाही असा शब्द त्याने मित्राला दिलाय.